अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प द्या, पण आपल्या खाचरात तपासून घ्या

कर्जत व खालापूर तालुक्यांत भात हे मुख्य पीक आहे. जुलै महिन्यात लावणीची घाई असते आणि नेमके त्याच वेळी माणूस मिळत नाही. खोपोली-रसायनी पट्ट्यातील कारखाने, बांधकामे, फार्महाऊसवरील कामे आणि लोकलने ठाणे-मुंबईकडे जाण्याची सोय यामुळे शेतीकामासाठी मजूर मिळणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. सपाट व मोठ्या क्षेत्रासाठी बनविलेली यंत्रे येथील लहान, बांधाच्या खाचरांत नीट वळत नाहीत व चिखलात रुततात. म्हणजे आपल्या जमिनीला व पावसाला सोसेल असे लहान अवजार आपल्याच भागात घडविण्याची गरज आहे.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर याच भागात अभियांत्रिकीचे शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. कर्जत येथील कोकण ज्ञानपीठ, रसायनी येथील पिल्लई एच.ओ.सी. आणि खालापूर येथील विश्वनिकेतन ही त्यांतील काही नावे. अशा महाविद्यालयांतील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक प्रकल्प पूर्ण करावा लागतो. त्यासाठी विषय शोधत काही विद्यार्थी शेतकऱ्यांकडेही येतात. शेतकरी आपला वेळ देतो, शेत दाखवितो, अडचणी सांगतो. परंतु पुष्कळ वेळा तयार झालेले यंत्र परीक्षेच्या दिवशी फरशीवर चालते आणि नंतर कार्यशाळेच्या कोपऱ्यात पडून राहते. विद्यार्थ्याला गुण मिळतात, शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही.

हे टाळता येते. प्रकल्पाचे यश जसे विद्यार्थ्याच्या हुशारीवर अवलंबून असते, तसेच ते प्रकल्प देणाऱ्याने गरज किती नेमकी सांगितली आणि चाचणी कोठे व केव्हा घेतली यावर अवलंबून असते. ही दोन्ही कामे शेतकऱ्याची आहेत. ती कशी करावीत याची माहिती या लेखात दिली आहे.

अशा प्रकल्पांची परंपरा

प्रत्यक्ष गरज असलेल्या व्यक्तीसाठी किंवा संस्थेसाठी विद्यार्थ्यांनी आराखडा तयार करावयाचा, ही पद्धत नवी नाही. अमेरिकेतील हार्वे मड महाविद्यालयाने १९६३ मध्ये 'क्लिनिक' या नावाने ती सुरू केली. वैद्यकीचा विद्यार्थी जसा रुग्ण तपासून शिकतो, तसा अभियांत्रिकीचा विद्यार्थी खरी अडचण सोडवून शिकावा, असा त्यामागील विचार होता.

आपल्याकडे आय.आय.टी. मुंबई या संस्थेत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचा विचार करणारे 'सितारा' हे केंद्र १९८५ मध्ये सुरू झाले. या केंद्राच्या विद्यार्थ्यांना व प्राध्यापकांना कर्जत तालुका चांगला परिचयाचा आहे. गुडवणवाडी या आदिवासी वाडीसाठी पाणी अडविण्याच्या बंधाऱ्याचे काम आणि उत्तर कर्जतमधील गावांना नळाने पाणी पुरविण्याच्या योजनेचा अभ्यास ही त्यांची कामे याच तालुक्यातील आहेत. पुढे २०१४ मध्ये केंद्र शासनाने उन्नत भारत अभियान सुरू केले आणि २०१६ मध्ये राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने उन्नत महाराष्ट्र अभियान हाती घेतले. महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील प्रश्नांवर काम करावे, हा दोन्हींचा हेतू आहे. त्यामुळे शेतकऱ्याने महाविद्यालयाकडे प्रकल्पासाठी जाण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

पाण्याच्या कामातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. 'वाडीला पाणी नाही' एवढ्या वाक्यावर कोणताही आराखडा होत नाही. माणसे किती, दरडोई पाणी किती, स्रोत किती अंतरावर व किती उंचीवर आहे, तो कोणत्या महिन्यात आटतो, हे आकडे लागतात. ३०० वस्तीच्या वाडीला दरडोई ५५ लिटरप्रमाणे रोज १६,५०० लिटर पाणी लागेल. हा आकडा हाती आला की टाकी, नळ व पंप यांचा हिशेब सुरू होतो. शेतीच्या अवजाराचेही असेच आहे.

गरज सांगावी, यंत्र सांगू नये

बहुतेक शेतकरी विद्यार्थ्याला 'भातलावणीचे यंत्र करून द्या' असे सांगतात. येथेच प्रकल्प वाट चुकतो. कोणते यंत्र हवे हे सांगितले की विद्यार्थी पुस्तकातील किंवा बाजारातील यंत्राची छोटी नक्कल करतो. त्याऐवजी कोणते काम अडते, ते कोण करते, किती वेळ लागतो आणि काय बिघडते हे सांगावे. उत्तर शोधणे विद्यार्थ्यावर सोपवावे.

आपल्या कृषि विद्यापीठाच्या 'नूतन झेल्या'चे उदाहरण घ्या. आंबा देठासह निघावा, जमिनीवर पडू नये व चिकाने डागळू नये, अशी या कामातील गरज आहे. गरज इतकी स्पष्ट असल्यामुळे पाते कोठे असावे व जाळी कोठे असावी हे ठरविता येते. 'वैभव' विळाही तसाच. कमी श्रमात व जमिनीलगत कापणी व्हावी, ही गरज दातेरी पात्याच्या हलक्या विळ्याने भागविली. दोन्ही अवजारे साधी आहेत आणि म्हणूनच शेतकऱ्यांच्या घरात पोहोचली.

एक उदाहरण : ब्रिकेट खोचण्याचे अवजार

आपल्या भागाला उपयोगी पडेल असा एक विषय उदाहरणादाखल घेऊ. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भातशेतीची पद्धत अनेक वाचकांना माहीत आहे. भाताच्या तुसाची राख किंवा पेंढ्याचा वापर, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डी.ए.पी. ब्रिकेटचा वापर ही ती चार सूत्रे. नियंत्रित लावणीत १५ सें.मी. व २५ सें.मी. असे आलटून-पालटून अंतर ठेवतात. १५ सें.मी. अंतरावरील चार चुडांचा एक चौकोन होतो. लावणीनंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी २.७ ग्रॅम वजनाची एक ब्रिकेट ७ ते १० सें.मी. खोल खोचावयाची असते.

खोलीला महत्त्व आहे. चिखलाच्या वरच्या पातळ थरात हवा पोहोचते. तेथे अमोनिया स्वरूपातील नत्राचे नायट्रेट होते व ते पुढे वायुरूपाने उडून किंवा पाण्याबरोबर झिरपून वाया जाते. तीन हजार मि.मी.च्या पुढे पाऊस पडणाऱ्या आपल्या भागात वरून फेकलेला युरिया खाचरातून वाहूनही जातो. खोल खोचलेली ब्रिकेट हवा नसलेल्या थरात राहते व नत्र मुळांना हळूहळू मिळत राहते.

पद्धत चांगली असूनही अनेक जण ती अर्ध्यावर सोडतात. त्याचे कारण श्रमाच्या हिशेबात आहे. एका चौकोनामागे ४० × ४० सें.मी. जागा धरली तर हेक्टरी ६२,५०० ब्रिकेट लागतात. त्यांचे वजन सुमारे १७० किलो होते. गुंठ्याला साधारण ६२५ ब्रिकेट होतात. एक ब्रिकेट खोचून पुढे सरकण्यास ४ सेकंद धरले तरी गुंठ्याला सुमारे ४२ मिनिटे आणि हेक्टरला सुमारे ७० तास लागतील. आठ तासांचा दिवस धरल्यास हे जवळजवळ नऊ मजूर-दिवसांचे काम आहे. तेही कमरेत वाकून, इरले किंवा प्लास्टिक पांघरून, भर पावसात. हे काम बहुतेक ठिकाणी स्त्रियाच करतात.

हेच काम विद्यार्थ्यापुढे ठेवताना पुढीलप्रमाणे गरजपत्रक तयार करावे.

तक्ता १ : गरजपत्रकाचा नमुना

| बाब | शेतकऱ्याने द्यावयाची माहिती |
|---|---|
| काम | चार चुडांच्या मध्ये एक ब्रिकेट खोचणे |
| खोली | ७ ते १० सें.मी.; खोचल्यावर भोक चिखलाने बुजले पाहिजे |
| वेग | ब्रिकेटमागे २ सेकंद किंवा कमी. म्हणजे सेकंदाला २० सें.मी. चाल |
| वापरणारी व्यक्ती | स्त्री-पुरुष दोघेही; उभे राहून, न वाकता |
| वजन | भरलेले अवजार एका व्यक्तीला बांध ओलांडून नेता यावे |
| शेत | खाचराची सर्वांत लहान लांबी-रुंदी, बांधाची उंची, चिखलाची खोली, पाण्याची पातळी मोजून लिहावी |
| ब्रिकेट | दमट हवेत चिकट होतात, कडा झडतात, आकार कमी-जास्त असतो |
| रोपे | दोन दिवसांपूर्वी लावलेली रोपे उपटता वा तुडविता कामा नयेत |
| दुरुस्ती | कर्जत, नेरळ, खोपोली येथील वेल्डिंगवाल्याकडे होण्याजोगी |

यातील ब्रिकेटसंबंधीची नोंद विशेष महत्त्वाची आहे. कार्यशाळेत कोरड्या गोट्या वापरून चालविलेले अवजार जुलैच्या दमट हवेत पहिल्याच नळीत अडकेल. म्हणून विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच खऱ्या ब्रिकेट द्याव्यात आणि त्या दोन दिवस उघड्या ठेवून मग वापरण्यास सांगावे. तसेच आपल्या खाचरातील चिखल गोणीत भरून कार्यशाळेत पाठवावा. वाळूत घेतलेली चाचणी आपल्या चिकण मातीत उपयोगी पडत नाही.

विद्यार्थी शेतावर येतील तेव्हा त्यांना एक गुंठा ब्रिकेट स्वतःच्या हाताने खोचावयास लावावे. प्रश्नोत्तरांपेक्षा या पाऊण तासात त्यांना अधिक कळते. हे काम रोज करणाऱ्या स्त्रियांशीही त्यांचे बोलणे करून द्यावे. घरातील कर्त्या पुरुषाने सांगितलेली अडचण आणि प्रत्यक्ष वाकणाऱ्या व्यक्तीची अडचण पुष्कळदा वेगळी असते. मूठ किती जाड हवी, हात कोठे दुखतो, अवजार कोणत्या बाजूला टेकविता आले पाहिजे, हे तीच सांगू शकते.

पिकाचे वेळापत्रक व महाविद्यालयाचे वेळापत्रक

प्रकल्प फसण्याचे सर्वांत मोठे कारण वेळेचे आहे. महाविद्यालयाचे वर्ष साधारणपणे जुलैत सुरू होते. विषय ठरेपर्यंत ऑगस्ट उजाडतो, तोवर लावणी संपलेली असते. अवजार फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होते, तेव्हा खरीप खाचरे कोरडी व भेगाळलेली असतात. चाचणीला चिखलच नसतो. पुढच्या जुलैत चिखल होतो, पण विद्यार्थी पदवी घेऊन निघून गेलेले असतात.

यावर कर्जत तालुक्यात चांगला मार्ग आहे. भिवपुरी येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रातून १९२२ पासून बाहेर पडणारे पाणी पेज नदीच्या खोऱ्यात येते. या पाण्यावर राजनाल्याच्या लाभक्षेत्रातील गावांत उन्हाळी भात घेतले जाते. या भाताची लावणी जानेवारीच्या सुमारास होते. म्हणजे महाविद्यालयाच्या वर्षाच्या मध्यावर खरा चिखल, खरी रोपे व खरी चाचणी मिळू शकते. खालापूर तालुक्यात ज्यांच्याकडे उन्हाळी पाण्याची खात्री आहे त्यांनाही हे करता येईल. ज्यांच्याकडे पाणी नाही त्यांनी राजनाल्याखालील नातेवाइकाचे किंवा परिचिताचे दोन-तीन गुंठे चाचणीसाठी ठरवून ठेवावेत. पाणी सुटण्याची तारीख दरवर्षी आधी विचारून घ्यावी.

तक्ता २ : दोन्ही वेळापत्रकांची सांगड

| महिना | शेतावर | प्रकल्पात |
|---|---|---|
| एप्रिल-मे | पूर्वमशागत | शेतकऱ्याने विभागप्रमुखांना भेटून विषय लेखी द्यावा |
| जुलै | खरीप लावणी | विद्यार्थ्यांनी काम पाहावे, स्वतः करावे, मोजमापे घ्यावीत |
| ऑगस्ट-सप्टेंबर | बेणणी, पीकवाढ | दोन-तीन पर्यायी आराखडे. शेतकऱ्यापुढे चर्चा |
| ऑक्टोबर-डिसेंबर | कापणी, मळणी. उन्हाळी रोपवाटिका | पहिला नमुना. गोणीतील चिखलात चाचणी |
| जानेवारी | उन्हाळी लावणी | खाचरात पहिली चाचणी |
| फेब्रुवारी-मार्च | उन्हाळी पीकवाढ | दोष दुरुस्ती, दुसरा नमुना, तयार चिखलवाफ्यात फेरचाचणी |
| एप्रिल | उन्हाळी पीक पक्वतेकडे | आराखडे व अवजार शेतकऱ्याच्या ताब्यात |
| पुढील जुलै | खरीप लावणी | शेतकऱ्याने वापरून अनुभव महाविद्यालयाला कळवावा |

एप्रिल-मेमधील भेट सर्वांत महत्त्वाची आहे. विषय सुट्टीपूर्वी ठरला तरच विद्यार्थी जुलैच्या लावणीत बांधावर उभे राहू शकतात.

शेतावरील चाचणी कशी घ्यावी ?

'चालले' किंवा 'चालले नाही' एवढ्यावर चाचणी संपवू नये. ती पुढीलप्रमाणे घ्यावी.

१) एकाच खाचरात शेजारी-शेजारी एकेक गुंठ्याचे दोन पट्टे आखावेत. एका पट्ट्यात हाताने व दुसऱ्यात अवजाराने ब्रिकेट खोचाव्यात.

२) दोन्ही पट्ट्यांना लागलेला वेळ घड्याळ लावून लिहावा. अवजार अडकून साफ करण्यात गेलेला वेळही त्यातच धरावा. तो वगळला तर आकडे फसवे येतात.

३) प्रत्येक पट्ट्यात कोठूनही २० जागा निवडून हळूच उकरून पाहावे. ब्रिकेट किती खोल आहे, तुटली आहे का, एकाऐवजी दोन पडल्या का, जागा रिकामी राहिली का, याची नोंद ठेवावी. खोली मोजण्यासाठी खुणा केलेली काठी पुरते.

४) उपटलेली किंवा तुडविलेली रोपे मोजावीत.

५) अवजार किमान तीन व्यक्तींनी चालवावे. त्यांत एक तरी स्त्री असावी आणि एक तरी व्यक्ती अशी असावी की जिने ते पूर्वी पाहिलेले नाही.

६) पाऊस किंवा जास्त पाणी असताना एकदा व पाणी कमी असताना एकदा अशी दोनदा चाचणी घ्यावी.

७) दोन्ही पट्ट्यांतील भात कापणीच्या वेळी वेगळे झोडून वजन करावे. कापणीपूर्वी विद्यार्थी गेले असतील तर हे वजन शेतकऱ्याने कळवावे. अवजाराने काम लवकर झाले, पण ब्रिकेट उथळ पडल्यामुळे उत्पन्न घटले, तर ते अवजार उपयोगाचे नाही.

चाचणी दोन गुंठ्यांपुरतीच ठेवावी. नव्या अवजारावर संपूर्ण शेत सोपवू नये. फिरणारे किंवा कापणारे भाग असल्यास झाकण बसविल्याशिवाय अवजार हातात घेऊ नये, आणि विजेवर चालणाऱ्या अवजाराची ओल्या खाचरात चाचणी शिक्षकांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये.

आधी काय ठरवून घ्यावे ?

सुरुवातीलाच एका कागदावर पुढील मुद्दे लिहून शेतकरी, विद्यार्थी व मार्गदर्शक शिक्षक यांनी सह्या कराव्यात. प्रत्येकाने एक प्रत ठेवावी.

• साहित्याचा खर्च कोणी करावयाचा व जास्तीत जास्त किती. शेतकऱ्याने पैसे द्यावयाचे ठरल्यास ते एकरकमी न देता टप्प्याने, पक्क्या पावतीवर द्यावेत.

• प्रकल्प संपल्यावर अवजार कोणाकडे राहील. परीक्षेसाठी ते महाविद्यालयात हवे असेल तर परत कधी मिळेल.

• मोजमापांसह आराखडे व सुट्या भागांची यादी शेतकऱ्याला मिळावी. आराखडा नसेल तर पहिला भाग तुटला की अवजार संपले असे समजावे.

• पेटंट घ्यावयाचे आहे का. घ्यावयाचे असेल तर अर्ज करण्यापूर्वी आराखडा प्रसिद्ध करू नये. शेतकऱ्याची स्वतःची कल्पना असेल तर त्याचे नाव नोंदविले जाईल का, हेही आधी विचारावे.

• विद्यार्थी शेतावर किती वेळा येतील. जुलै, सप्टेंबर व जानेवारी अशा किमान तीन भेटी हव्यात.

कोणते विषय द्यावेत ?

चार विद्यार्थी, एक वर्ष व मर्यादित पैसा एवढीच ताकद एका प्रकल्पामागे असते. त्यामुळे लहान व एकाच कामाचा विषय द्यावा. ब्रिकेट खोचणी, दोरीवर लावणीसाठी खुणा पाडणारे साधन, वरकस जमिनीवरील नाचणी-वरीची मळणी, भाजीपाल्याच्या क्रेट बांधावरून वाहून नेणारी हातगाडी, पावसात भात वाळविण्याची सोय, खाचराचे जादा पाणी सोडण्याची झडप असे विषय योग्य आहेत. लावणीपासून कापणीपर्यंत सर्व करणारे यंत्र किंवा गावाचा संपूर्ण बंधारा असे विषय पदवीच्या विद्यार्थ्यांना देऊ नयेत. बंधारा, पूल व विजेची जोडणी यांत जिवाचा धोका असतो. अशा कामात विद्यार्थी पाहणी व मोजमाप करू शकतात. मात्र अंतिम आराखडा जबाबदार अभियंत्याकडूनच तपासून घ्यावा.

एकट्याने जाण्यापेक्षा शेतकरी गटाने किंवा स्वयंसहाय्यता गटाने विषय द्यावा. त्यामुळे चाचणीला चार-पाच प्रकारची खाचरे मिळतात आणि विद्यार्थी गेल्यावरही अवजार वापरणारे व सुधारणारे हात राहतात. पिकासंबंधी मोजमापे व शिफारशी यांसाठी कर्जत येथील प्रादेशिक कृषि संशोधन केंद्र व रोहा येथील कृषि विज्ञान केंद्र यांच्याशी संपर्क साधावा. अवजारांच्या बाबतीत दापोली येथील कृषि अभियांत्रिकी महाविद्यालयाचा सल्ला घेता येईल.

पहिल्या वर्षी अवजार पूर्ण होईलच असे नाही. ब्रिकेट नळीत अडकते एवढेच कळले व ते आकड्यांसह लिहून ठेवले, तरी पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे काम तेथून पुढे सुरू होते. म्हणून चाचणीची वही शेतकऱ्याने स्वतःकडे ठेवावी आणि पुढील एप्रिलमध्ये तीच वही घेऊन पुन्हा महाविद्यालयात जावे. विद्यार्थी दरवर्षी बदलतात, खाचर व शेतकरी तेच राहतात. त्यामुळे प्रकल्पाचे सातत्य शेतकऱ्यानेच राखले पाहिजे.